भिशीत सिनेमा लावायचा असेल तर

"काकी, बायकांचा एखादा चांगला पिक्चर सांगा की. रडायला येईल असा." परवा ब्लाउज न्यायला आलेली एक पोरगी म्हणाली, आणि माझी कात्री कापडावर तशीच थांबली. चांगला म्हणजे रडवणारा, असं आपल्याकडं कधी ठरलं कुणास ठाऊक.

मला आठवतो तो 'माहेरची साडी'. १९९१ साल. मी वीस वर्षांची, निपाणीत माहेरी. थिएटरात बायका पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या, माझंही नाक वाहत होतं. शेजारी आई बसलेली, कोरडी. बाहेर आल्यावर म्हणाली, "येकदा तरी ताट आपटायचं हुतं तिनं." अलका कुबल यांच्या कामात काही खोट नव्हती. आईला राग होता तो त्या सोसण्याचा, आणि आम्ही सगळ्या त्या सोसण्याला टाळ्या देत होतो त्याचा. आपल्याकडं बाई गेली की पेपरातल्या श्रद्धांजलीत 'अत्यंत सोशिक' लिहितात. पुरुषाबद्दल तसं लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

तर सिनेमा निवडायची माझी रीत अशी. कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडं लिहायचं, तिच्यावर काय काय गुदरतं. उजवीकडं, ती स्वतः काय काय करते. डावी बाजू भरली आणि उजवी रिकामी राहिली, तर तो सिनेमा आमच्या भिशीत लागत नाही. शेवट गोड हवा असा हट्ट नाही. ती हरली तरी चालेल, पण हरण्याआधी तिनं काहीतरी ठरवलेलं असावं.

आमची भिशी चौदा जणींची, कोल्हापुरात, माझ्या शिवणाच्या दुकानात. आधी चिठ्ठी काढायची, पोहे खायचे, सुनांबद्दल बोलायचं आणि उठायचं एवढंच होतं. चार वर्षांपूर्वी सिनेमा सुरू केला. आता तुम्हाला करायचा असेल तर जमवाजमवीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात अवघड काही नाही.

वेळ दुपारी अडीच ते पाच. संध्याकाळ ठेवाल तर निम्म्या जणींचं लक्ष घड्याळाकडं राहतं. कणीक मळून, भाजी चिरून या म्हणायचं. जागा शक्यतो कुणाच्या घरी नको. घर म्हटलं की त्या घरची बाई चहात अडकते आणि तिचा नवरा आतल्या खोलीतून "माझा चष्मा बघितलास का" म्हणून विचारतो. दुकान, शाळेचा वर्ग, देवळामागची खोली, काहीही चालेल. त्रेचाळीस इंची टीव्ही पंधरा जणींना पुरतो, पण टीव्हीचा आवाज पुरत नाही, वेगळा स्पीकर घ्या. लॅपटॉपवरून लावणार असाल तर वायर आदल्या दिवशी जोडून बघा, मी एकदा पाऊण तास बायकांना निळा पडदा दाखवलाय. खिडक्यांना काळ्या अस्तराचं कापड लावलं की दुपारीही अंधार होतो. तिकीट लावू नका. घरच्यासारखं जमून बघणं वेगळं आणि पैसे घेऊन दाखवणं वेगळं, त्याला रीतसर परवानगी लागते.

खरी मेहनत क्रम लावण्यात. तिथंच मी पहिल्यांदा आपटले.

मला 'दोघी' फार आवडतो म्हणून मी तोच आधी लावला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, १९९५ चा. गौरीच्या लग्नादिवशीच नवऱ्याकडच्या वऱ्हाडाला अपघात होतो, आणि न झालेल्या लग्नाचं खापर तिच्यावर फुटतं, पांढऱ्या पायाची म्हणून. मग तिला मुंबईला धाडतात, आणि तिथं जे व्हायचं ते होतं. तिनं मिळवलेला पैसा घराला चालतो, ती चालत नाही. धाकटी कृष्णा, म्हणजे सोनाली कुलकर्णी, हे सगळं बघत मोठी होते. आई उत्तरा बावकर. त्या आईचा चेहरा बघून तिला मारावंसं वाटतं आणि पुढच्याच क्षणाला तिची कीव येते. पण मध्यंतराच्या आसपास आमच्यातली एक उठून बाहेर गेली, ती परत आली नाही. तिच्या घरात काय झालं होतं ते मला माहीत होतं आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. पुढच्या भिशीला सहाच जणी आल्या. तेव्हापासून नियम केला: गोष्ट काय आहे ते दोन वाक्यांत आधी सांगायचं, आणि दाराजवळची खुर्ची मोकळी ठेवायची. कुणी उठलं तर मागून जायचं नाही, पाणी मात्र भरून ठेवायचं.

सुरुवात 'इंग्लिश विंग्लिश'नं करा. २०१२ चा, गौरी शिंदे यांचा, श्रीदेवी त्यात शशी गोडबोले आहे. लाडू करून विकते, घरात नवरा आणि मुलगी तिच्या इंग्रजीला हसतात, भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते आणि गुपचूप चार आठवड्यांचा इंग्रजीचा क्लास लावते. गौरी शिंदे पुण्याच्या, त्यांच्या आईचा लोणच्याचा व्यवसाय होता आणि सिनेमा त्यातूनच सुचला. आमच्यात हा सिनेमा संपल्यावर पहिला प्रश्न आला तो असा: "लाडवाचा भाव काय लावती ती?" मग अर्धा तास तुपाच्या भावावर गेला. मला आधी वाटलं, विषय भरकटला. पण नंतर कळलं की तोच विषय होता. चौदातल्या नऊ जणी घरातून काहीतरी विकतात, शेवया, मसाला, फॉल-बिडिंग, आणि कुणीही आपल्या मेहनतीचे पैसे भावात धरत नव्हत्या. शशी क्लासात बसते आणि शिक्षक तिला 'उद्योजिका' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द सांगतो, तिथं तिची चाल बदलते ते बघा. ती चाल मी परत मागं घेऊन दाखवते.

'बाईपण भारी देवा' आणि 'झिम्मा' लावायची गरज पडली नाही, सगळ्या जणी नटूनथटून थिएटरातच बघून आल्या होत्या. 'बाईपण'मधले मंगळागौरीचे खेळ मला आवडले. सहा बहिणींची सहा दुखणी एका स्पर्धेत बरी होतात, ते मात्र मला पटत नाही, इतक्या लवकर आमचं गुडघादुखीचं तेलही लागू पडत नाही.

'नाच गं घुमा' लावताना बसायची जागा नीट ठरवा. गंमत नाही करत. परेश मोकाशी यांचा हा २०२४ चा सिनेमा, मुक्ता बर्वे नोकरी करणारी बाई आणि नम्रता संभेराव तिच्या घरी काम करणाऱ्या आशाताई. आमच्या भिशीत दोघी जणी धुण्याभांड्याची कामं करतात, आणि त्यातल्या एकीची मालकीणही भिशीतच आहे. पहिल्यांदा त्या दोघी नेहमीप्रमाणं मागं बसल्या आणि मालकीणबाई पुढं. पुढच्या हसल्या की मागच्या गप्प, मागच्या हसल्या की पुढच्या वळून बघायच्या. मध्यंतरात मी सगळ्यांना उठवून गोल बसवलं. सिनेमा संपल्यावर मागं बसणाऱ्यांपैकी एक म्हणाली, "उशीर का झाला ह्ये ती इचारती. मी किती वाजता उठलो ह्ये कोण इचारतंय?" (आमच्या कोल्हापूरकडं बायका 'मी उठलो, मी आलो' असंच बोलतात, चूक काढू नका.)

याला जोड म्हणून 'मोलकरीण' शोधा. १९८१ चा छोटा माहितीपट, पुण्यातल्या घरकामगार बायका संप करून संघटना कशी बांधतात त्याचा. तो युगांतर नावाच्या गटानं केला, दीपा धनराज त्यातल्या एक. मोठ्या सिनेमात मालकीण आणि बाई शेवटी एकमेकींना समजून घेतात, छोट्या सिनेमात बाया पगार आणि सुट्टी मागतात. दोन्ही एकाच दिवशी दाखवा, आधी मोठा.

'स्थळ' दाखवण्याआधी विदर्भातल्या बोलीला कान लागायला दहा मिनिटं द्या, आमच्याकडच्या जणी सुरुवातीला "काय म्हनली, काय म्हनली" करत होत्या. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूरकडच्या गावात तिथलीच माणसं घेऊन तो केला. २०२३ ला टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार, आशियाई सिनेमांना देतात तो, मिळाला, आपल्याकडं थिएटरात आला २०२५ मध्ये. सविताला शिकायचंय, आणि घरी माणसं तिला बघायला येतात. परत येतात. तेच नाव विचारणं, तीच उंची, तेच पोहे. सिनेमा तेच तेच दाखवतो आणि मुद्दाम दाखवतो, कंटाळा आला तर येऊ द्या. सुरुवातीलाच एक उलटी गंमत आहे, पोरगा पाटावर आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. तिथं आमच्या भिशीत जे हसू फुटलं तसं कुठल्या विनोदी सिनेमालाही फुटलं नव्हतं. नंतर मी एकच विचारलं: कोण किती वेळा बसली होती? मी पाच. एक म्हणाली नऊ. आमच्यातली सगळ्यात ठसठशीत, जिला सगळ्या घाबरतात ती, बांगड्या मागंपुढं करत म्हणाली, "सतरा." तीस वर्षं ओळखते तिला.

आता 'मिर्च मसाला'. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

केतन मेहता यांचा, चुनीलाल मडिया यांच्या गुजराती कथेवरचा. स्मिता पाटील डिसेंबर १९८६ मध्ये गेल्या, सिनेमा त्यानंतर लागला. इंग्रजी अमलातलं गाव, सुभेदार नसीरुद्दीन शाह, सोनबाई स्मिता पाटील. तो सोनबाईच्या अंगचटीला येतो, ती थोबाडीत देते आणि पळत मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा राखणदार अबू मियाँ, ओम पुरी, दार लावून घेतो. मग सगळा सिनेमा त्या दारावर. बाहेर सुभेदाराचे शिपाई आणि गावचे कारभारी, आत मिरची कांडणाऱ्या बायका.

हा लावला त्या दिवशी आई माझ्याकडं आली होती. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, निपाणीत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्या गावाचं पोट तंबाखूवर, आणि वखारीत तंबाखू कुटायची, चाळायची, निवडायची कामं बायकांची. आई घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, नखांत, पदरात तंबाखू असायची. अंघोळ करूनच चुलीपाशी जायची, तरी भाकरीला कडवट वास यायचाच. मी लहानपणी समजायचे की भाकरीचा वासच तसा असतो.

सिनेमात मिरचीचा खाट उडायला लागला तशी आईनं नाकाला पदर लावला. टीव्हीसमोर. कारखान्यातल्या बायका सोनबाईला म्हणायला लागतात, तू जा त्याच्याकडं, तुझ्यापायी आम्ही का मरायचं. आमच्या भिशीतल्या दोघी-तिघी चिडल्या, "बाया बघ कशा असतात." आई म्हणाली, "असंच असतंय. आदी आपल्यातल्याच म्हंत्यात, जा बाई तू. मग येक दीस त्याच पुढं हुत्यात." आणि अबू मियाँनं दार लावलं तेव्हा हळूच म्हणाली, "आमच्या वखारीच्या दारात असा न्हवता कोण. आमचा राखणदार सुटताना आमचीच झडती घ्यायचा." मी चोपन्न वर्षांची आहे. हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवट सांगत नाही, नावातच आहे निम्मा. फक्त शेवटच्या दोन मिनिटांत स्मिता पाटील यांच्या हातातला विळा बघा, आणि लगेच दिवे लावू नका.

त्यानंतरच्या महिन्यात मी युगांतरचाच दुसरा माहितीपट लावला, 'तंबाकू चाकीला ऊब आली', १९८२ चा, अर्ध्या तासाच्या आतला. तो निपाणीतल्याच तंबाखू कामगार बायकांवर आहे, त्या संघटनेत कशा आल्या त्यावर. या गटाचे सिनेमे मधल्या काळात दुरुस्त करून पुन्हा बघण्यासारखे केलेत. आई त्यात दिसते का म्हणून मी तीनदा बघितला, दिसत नाही. आईला मात्र एक डोक्याला फडकं बांधलेली बाई ओळखीची वाटली, आणि तिथून तिनं संपाच्या काळातलं बोलायला सुरुवात केली, ती रात्री साडेनऊला थांबली. तेव्हा माझी सूचना अशी की तुमच्या गावातल्या बायकांच्या कामावर कुणी काही चित्रित केलंय का ते आधी शोधा. विडी असेल, मासळी असेल, कापूस असेल. मोठ्या नटीच्या सिनेमाला लावून ते दाखवा, आणि त्या कामातली एखादी म्हातारी बाई मुद्दाम बोलावून पुढं बसवा. तिला माईक देऊ नका, ती आपोआप बोलते.

'जोगवा' आमच्याकडं जपून. राजन गवस यांच्या लेखनावरचा, राजीव पाटील यांचा, २००९ चा, मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये. सौंदत्तीला यल्लमाकडं जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जातात, भिशीतल्या दोघींच्या घरी देवीचा जग (डोक्यावर टोपलीत आणलेली देवी) आला की परडी भरली जाते. श्रद्धा आणि पोरीला देवाला सोडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी बोलून घेतलं, मग लावला. गाणी सगळ्यांना पाठ होती, त्यामागं काय गोष्ट आहे ते निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं. 'भूमिका'ही आहे, श्याम बेनेगल यांचा, हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेला, पण आमच्यात तो चालला नाही. गोष्ट पुढंमागं जाते, दुपारच्या झोपेच्या वेळी जमत नाही. एकटीनं रात्री बघा, आणि पुस्तक आधी वाचा.

जुना सिनेमा म्हटलं की बायका नाक मुरडतात. त्यासाठी 'कुंकू' राखून ठेवा. १९३७, प्रभात, व्ही. शांताराम, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांची ती नजर, तो हेका! आमच्यातली एक नात घेऊन आली होती, दहावीतली, ती म्हणाली, "आजी, ही आत्ताची वाटते." लावण्याआधी एक सांगा, म्हणजे कान टवकारतात: या सिनेमात पार्श्वसंगीतच नाही, त्या घरातले खरे आवाज आहेत फक्त. भिंतीवरचं घड्याळ ऐका. नीरा मधेच इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची, १९३७ सालच्या मराठी सिनेमात. आणि म्हाताऱ्याची लेक झालेल्या शकुंतला परांजपे प्रत्यक्षातही संततिनियमनाचं काम करायच्या, सई परांजपे यांच्या त्या आई. भिशीत कुणी मराठी कमी समजणारी असेल तर हाच सिनेमा हिंदीत 'दुनिया न माने' नावानं आहे.

सिनेमा संपल्यावर "कसा वाटला?" विचारू नका. "छान" म्हणतात आणि चपला शोधतात. मी विचारते, कुठं राग आला? राग कुणाचा आला हेही विचारत नाही, फक्त कुठं. नायिकेचा राग आला असं कुणी म्हटलं तर तिला गप्प करू नका, तिच्या पोटात काहीतरी आहे. चहा त्यानंतर. चहा आधी दिला की बोलणं कपात बुडतं. आणि भाषण करायला बाहेरून पाहुणी बोलावू नका, आम्ही एकदा बोलावली, ती पंचेचाळीस मिनिटं सक्षमीकरणावर बोलली आणि तेवढ्यात नळाला पाणी येऊन गेलं.

शेवटी 'उंबरठा'. शेवटी म्हणजे वर्षभर एकत्र बसल्यावर, आधी नाही. जब्बार पटेल, १९८२, शांता निसळ यांची 'बेघर' कादंबरी, पटकथा तेंडुलकरांची. सुलभा महाजन मुलीला सासरी ठेवून परगावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते, तिथला गैरकारभार बघते, भांडते, परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. 'सुन्या सुन्या मैफिलीत' सगळ्या जणी गुणगुणत बसल्या होत्या. संपला आणि भांडण पेटलं. सात जणी म्हणाल्या, पोरीला सोडून जायला नको होतं. पाच म्हणाल्या, बाप गेला असता तर कुणी विचारलं नसतं. एक म्हणाली, मी गेलो असतो पण पोरीला घेऊन, आणि तिला सगळ्यांनी विचारलं, घेऊन कुठं? ती सतरा वेळा पाटावर बसलेली, ती काहीच बोलली नाही. पुढच्या वर्षी परत लावला, तर आकडे बदलले, दोघी इकडच्या तिकडं गेल्या, आणि कुणी गेलं हे त्यांनी मान्य केलं नाही.

येत्या दुसऱ्या शनिवारी तिसऱ्यांदा लावतेय. कणीक मळून या.